टोपलीतील हिशेब

फाल्गुन सरत आला की गडचिरोली जिल्ह्यातील रानांत एक ओळखीचा, गोडसर पण उग्र वास दरवळू लागतो. मोहाच्या झाडांची पाने गळून गेलेली असतात आणि उघड्या फांद्यांच्या टोकांना फिकट पिवळ्या, रसरशीत फुलांचे घोस लोंबत असतात. ही फुले रात्री उमलतात आणि पहाटेपासून टपटप गळू लागतात. ऊन चढण्यापूर्वी ती वेचावी लागतात; नाहीतर गुरे, हरणे, माकडे आणि कधी कधी अस्वलेही त्यांत वाटेकरी होतात. म्हणूनच तांबडे फुटण्याआधी गावातील बायकामाणसे टोपल्या घेऊन रानाची वाट धरतात.

अशा गावांतील कोणतेही एक घर डोळ्यांसमोर आणावे. घरात नवराबायको, म्हातारी सासू आणि शाळेत जाणारी दोन मुले. पावसाच्या पाण्यावर अवलंबून असलेली दोन-अडीच एकर धानाची शेती. घरातील बाई पहाटे उठून आपल्या ठरलेल्या मोहाखाली जाते. ठरलेल्या म्हणण्याचे कारण असे, की रानातील मोहाची झाडेदेखील कोणी कोठे वेचायची हे गावाने पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत वाटून घेतलेले असते. त्याचा कागद नसतो. पण सहसा कोणी दुसऱ्याच्या झाडाखाली टोपली टेकवत नाही. ती खाली बसते आणि एकेक फूल उचलून टोपलीत टाकू लागते. दोन-तीन तास पाठ वर करायला सवड मिळत नाही. टोपली भरते, तेव्हा डोक्यावर सूर्य आलेला असतो.

घरी आल्यावर सासूबाई सारवलेल्या अंगणात फुले पसरतात. काही दिवस कडक उन्हात वाळवल्यावर त्यांचा रंग तांबूस-तपकिरी होतो आणि वजन निम्म्याहून अधिक घटते. एवढ्या कष्टाने भरलेली टोपली वाळल्यावर पसाभर दिसू लागते. तरीही ती घराला हवी असते. कारण याच सुमारास धानाची कणगी तळाला गेलेली असते.

या घराचे अर्थशास्त्र समजून घ्यायचे, तर त्याचे वर्षाचे वेळापत्रक पाहिले पाहिजे. धानाचे पीक वर्षातून एकदाच येते. त्यातून घराला खायला मिळते. परंतु ते वर्षभर पुरेलच असे नाही, आणि हातात रोख पैसा फारसा उरत नाही. मीठ, तेल, कपडे, औषध, मुलांच्या वह्या, जूनमध्ये लागणारे बियाणे यांसाठी रोकड लागते. ती रोकड रान देते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, त्यानंतर चारोळी, मे महिन्यात तेंदूपाने, पावसाच्या तोंडावर मोहाच्या बिया. पावसाळ्यात रान पैशापेक्षा अन्न अधिक देते: बांबूचे कोवळे कोंब, रानभाज्या, कंद, अळंबी. हिवाळ्यात आवळा, हिरडा, बेहडा आणि मध. मोहाच्या बियांचे तेल घरात स्वयंपाकाला चालते. वाळलेली फुले भाजून, कुटून वा शिजवून खाल्ली जातात; गुरांनाही चारली जातात. म्हणजे एकाच झाडापासून या घराला अन्न, तेल, चारा आणि पैसा मिळतो.

अशा वस्तूंना सरकारी भाषेत ‘गौण वनोपज’ म्हणतात. लाकूड हे मुख्य आणि बाकीचे सारे गौण, अशी ती विभागणी आहे. ही विभागणी ज्यांनी केली त्यांच्या हिशेबात ती बरोबरच असेल. सागवानाच्या एका ओंडक्यापुढे टोपलीभर फुलांची किंमत ती काय? परंतु सागवान विकून येणारा पैसा रानाकाठच्या घरात येत नव्हता. घरात येत होता तो फुलांचा आणि पानांचा पैसा. पंचायती राज मंत्रालयाने नेमलेल्या हक समितीने २०११ मध्ये दिलेल्या अहवालात नमूद केले, की देशातील सुमारे दहा कोटी लोकांची उपजीविका गौण वनोपजाशी जोडलेली आहे आणि वनांत राहणाऱ्या कुटुंबांच्या वार्षिक उत्पन्नाचा २० ते ४० टक्के भाग त्यातून येतो. ज्याच्यामुळे वर्षाच्या चार-पाच महिन्यांची चूल पेटते, त्याला त्या घरात कोणी गौण म्हणत नाही.

मोहफुलांचा हंगाम ओसरला की तेंदूपानांचा सुरू होतो. हा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. पण वर्षातील सर्वांत मोठी रोकड याच दिवसांत मिळते. तेंदूच्या झुडपांची आधीच छाटणी केलेली असते, म्हणजे मे महिन्यात त्यांना मऊ, लवचीक, बिडी वळण्याजोगी पाने फुटतात. पहाटे अंधारात घर सोडायचे, दहा-अकरापर्यंत पाने तोडायची, ओझे डोक्यावर घेऊन परत यायचे आणि मग सारे घर पुडे बांधायला बसायचे. महाराष्ट्रात एका पुड्यात ७० पाने असतात. अशा हजार पुड्यांचे एक प्रमाण गोणी होते. म्हणजे एका गोणीत ७० हजार पाने, आणि त्यांतील प्रत्येक पान कोणाच्या तरी हाताने तोडून, पुसून, मोजून ठेवलेले. संध्याकाळी हे पुडे गावाबाहेरच्या संकलन केंद्रावर नेऊन मांडायचे. त्या मोकळ्या जागेला या भागात ‘फळी’ म्हणतात. तेथे मुन्शी पुडे मोजतो आणि कार्डावर आकडा लिहितो.

कष्टाचा भाग येथे संपतो आणि हिशेबाचा सुरू होतो. शंभर पुड्यांमागे काही पुडे जादा घेण्याची रीत अनेक ठिकाणी होती. एखादे पान फाटके निघेल, एखादा पुडा कमी भरेल, असे कारण त्यासाठी सांगितले जाई. शंभराला पाच पुडे जादा धरले आणि एका कुटुंबाने दिवसाला दोनशे पुडे दिले, तर रोज दहा पुडे मोबदल्याविना जातात. बारा दिवसांत १२० पुडे, म्हणजे ८,४०० पाने. ही पाने तोडण्यासाठी त्या बाईने किती वाटा तुडवल्या असतील! परंतु ज्याला आकडा वाचता येत नाही, त्याला आपले काय गेले हेदेखील कळत नाही.

मोहफुलांचे दुखणे वेगळे होते. वाळलेली फुले घरात फार काळ ठेवण्याची सोय नसे. दमट हवा लागली की त्यांना कीड आणि बुरशी लागते. शिवाय दुकानदाराची उधारी डोक्यावर असे. त्यामुळे हंगामात सर्वांचा माल एकदमच बाजारात येई आणि भाव पडलेला असे. पायलीभर फुलांच्या बदल्यात थोडे मीठ, थोडे तेल घेऊन बाई घरी परतत असे. पुढे पावसाळ्यात घरात खायला काही नसे, तेव्हा कित्येकदा तीच फुले त्याच दुकानातून चढ्या भावाने विकत आणावी लागत. झाड गावाचे, श्रम बाईचे, ऊन अंगणातले. फक्त तराजू दुसऱ्याचा. आणि नफा तराजूच्या बाजूला जात असे.

या उत्पन्नाला आणखी एक किंमत मोजावी लागते, ती कोणत्याही पावतीवर लिहिलेली नसते. मोहाच्या दिवसांत अस्वलांचे हल्ले होतात. मे महिन्यातील रानात साप असतात, पाण्याचे टिपूस नसते. गडचिरोली आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील रानांत वाघही आहेत. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही परिसरात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. अशी बातमी आल्यावर त्या भागातील घरांत चार दिवस भीतीचे सावट असते. पाचव्या दिवशी बायका पुन्हा टोपल्या उचलतात. धैर्य हे त्याचे एक कारण असेल. दुसरे कारण असे, की पानांचा हंगाम कोणासाठी थांबत नाही आणि बियाण्याचा पैसा दुसरीकडून येणार नसतो.

रानावर श्रम करणाऱ्याचा रानावर हक्क कोणता, हा प्रश्न फार जुना आहे. इंग्रजी राजवटीत १९२७ साली भारतीय वन अधिनियम आला आणि वनांवरील सरकारी नियंत्रण अधिक घट्ट झाले. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात १९६९ साली वनोपजाच्या व्यापाराचे नियमन करणारा कायदा झाला आणि तेंदूपानांचा व्यापार शासनाच्या हाती आला. गोळा करणारा मात्र मजूरच राहिला. १९९६ साली अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयी केंद्रीय कायदा झाला आणि गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे असावी हे तत्त्व त्यात मान्य झाले. पुढे २००६ साली वनहक्क कायदा संमत झाला. पारंपरिक रीतीने गोळा केली जाणारी गौण वनोपज मालकीहक्काने गोळा करणे, वापरणे आणि विकणे हा वननिवासींचा हक्क आहे, असे या कायद्याने स्पष्ट केले. बांबू आणि तेंदूपाने यांचा समावेशही गौण वनोपजात करण्यात आला.

कायद्यातील शब्द गावापर्यंत पोहोचायला मात्र वेळ लागतो. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव आहे. शेजारच्या लेखा गावाच्या नावाला जोडून ते मेंढा-लेखा म्हणून ओळखले जाते. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा महाराष्ट्रभर पोहोचली. देवाजी तोफा हे या गावाचे सर्वपरिचित कार्यकर्ते. गावाच्या ग्रामसभेने बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत स्वीकारली आणि निर्णयाआधी विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट सुरू केला. मध काढताना पोळे जाळून टाकण्याऐवजी मधाचा भाग तेवढाच कापायचा आणि माश्यांचे घर शाबूत ठेवायचे, ही रीतही या गावाने आपलीशी केली.

२००९ साली मेंढा गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळाला. हक्काचा कागद हाती आला, तरी बांबू गावाबाहेर नेण्यासाठी वाहतूक परवाना लागत होता आणि तो देण्याचा अधिकार वनखात्याकडेच होता. विकण्याचा हक्क आहे, पण माल हलवता येत नाही, अशी विचित्र अवस्था झाली. ग्रामसभेने पाठपुरावा सोडला नाही. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. ते दिसायला साधे पावतीपुस्तक होते. पण त्यावर आता गावाची स्वाक्षरी चालणार होती.

त्यानंतर इतर गावांनाही वाट दिसली. २०१३ पासून गोंदिया आणि गडचिरोली जिल्ह्यांतील काही ग्रामसभांनी तेंदूपानांची विक्री स्वतः करण्यास आरंभ केला. ग्रामसभा निविदा मागवू लागल्या, व्यापाऱ्यांशी करार करू लागल्या. पुढे २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुलांच्या संकलनावरील आणि वाहतुकीवरील जुने निर्बंध सैल केले. केंद्र शासनाने वनोपजासाठी किमान आधारभूत किमतीची योजना २०१३-१४ पासून आणली होती. तिच्यात वाळलेल्या मोहफुलांची किंमत २०२० साली किलोला ३० रुपये करण्यात आली. जाहीर किंमत हाती पडायची, तर खरेदी केंद्र जवळ हवे आणि ते वेळेवर उघडायला हवे, हे ज्याचा माल अंगणात वाळतो आहे त्याला सर्वांत आधी कळते.

हक्क मिळाला म्हणजे सारे प्रश्न मिटले, असे मात्र नाही. बाजाराचा भाव कोणत्याही ग्रामसभेच्या हाती नसतो. एखाद्या वर्षी तेंदूपानांना चढा भाव मिळतो आणि पुढच्याच वर्षी तो कोसळतो. कंत्राटदाराने पैसे थकवले, तर ते वसूल करण्याची जबाबदारीही आता गावावरच येते. शिवाय रानाचीही एक मर्यादा असते. मोहाखालचा पाचोळा जाळला की फुले वेचणे सोपे होते. पण तीच आग पुढे सरकली की रोपे होरपळतात. चारोळीसाठी फांदीच तोडली, तर पुढच्या वर्षी फळ कोठून येणार? मालकी आली की अशी निवड आपणच करावी लागते.

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव या गावाने ती निवड करून दाखवली. २०१२ साली त्याला सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदूपानांतून रोख पैसा मिळत असतानाही या गावाने पाने तोडणे थांबवले. पानांसाठी झुडपे छाटावी लागतात, रानाला आगी लागतात आणि बिडी ओढणाऱ्याचे आरोग्यही बिघडते, हा विचार त्यामागे होता. बांबूच्या विक्रीतून रोजगार मिळत असल्याने गावाला हा निर्णय परवडला. न छाटलेल्या तेंदूला आता फळे धरतात. प्रत्येक गावाला असे करता येईल असे नाही. ज्या घराची जूनमधील पेरणी तेंदूच्या पैशावर होते, त्याला पाने सोडा असे सांगणे सोपे नाही. तरी एक गोष्ट पाचगावने सिद्ध केली: कोणती वस्तू घ्यायची आणि कोणती झाडावर ठेवायची, हे ठरवण्याची संधी मिळाली, तर लोक केवळ आजचा पैसा पाहून ठरवत नाहीत.

ही गोष्ट काही एकट्या गडचिरोली-चंद्रपूरची नाही. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या धडगाव परिसरात भिल्ल कुटुंबे कच्च्या आंब्यांच्या फोडी उन्हात वाळवून आमचूर करतात. पुणे जिल्ह्यातील जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबे हिरड्याची कोवळी फळे, म्हणजे बाळहिरडा, गोळा करतात. छत्तीसगडमधील बस्तरमध्ये चिंच, झारखंडमध्ये लाख, ओडिशात तेंदूपाने, पश्चिम बंगालमधील सुंदरबनात मध, अशी प्रत्येक रानाची वस्तू निराळी आहे. भाषा निराळी, झाड निराळे. परंतु हंगामात पडलेला भाव, दुकानातील उधारी आणि दुसऱ्याच्या हातातील तराजू यांची हकीगत ऐकली, तर एका राज्यातील बाईला दुसऱ्या राज्यातील बाईचे बोलणे भाषांतराविना समजावे, इतकी ती सारखी आहे.

पुन्हा त्या घराकडे वळावे. मे महिन्याची संध्याकाळ आहे. फळीवर पुड्यांच्या रांगा लागल्या आहेत. या वर्षी पाने ग्रामसभेने विकली आहेत आणि पुडे मोजायला गावातीलच तरुण आहे. बाईने आपले पुडे मांडले, कार्ड पुढे केले आणि त्यावर आकडा लिहून घेतला. सोबत आलेल्या मुलीने कार्ड हातात घेऊन पाहिले व ती हळूच म्हणाली, “आई, इथे एकशे ऐंशी लिहिले आहे. आपण किती आणले होते?”

आईने पुडे बांधतानाच मोजले होते. विसाची एक, अशा दहा रांगा. तिने मोजणाऱ्या तरुणाला पुन्हा मोजायला सांगितले. तो कुरकुरला नाही. एक रांग मोजायची राहून गेली होती. त्याने आकडा दुरुस्त करून दोनशे केला. भांडण झाले नाही, आवाज चढला नाही. वीस पुडे, म्हणजे १,४०० पाने, आपल्या जागी परत आली.

घरी जाताना बाईने मुलीकडून कार्ड मागून घेतले आणि चालता चालता त्या आकड्याकडे पाहिले. पुढे दोन शून्ये, त्यांच्याआधी एक दोन. पावसाळा सुरू झाला, शेतीची कामे आटोपली की गावात रात्रीचा वर्ग भरतो. गेल्या वर्षी तिला तेथे जायची लाज वाटली होती. या वर्षी रोवणी संपली, तेव्हा ती सासूबाईंना विचारून वर्गात गेली आणि पाटीवर तिने पहिल्यांदा नाव न लिहिता ७० हा आकडा लिहिला. तो तिला हाताने केव्हाच येत होता. आता डोळ्यांनीही येऊ लागला.